पिस्तूल नेमबाजीत ‘चांगले कौशल्य’ नेमके कशावरून ठरवावे?

नौपाडेकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे आणि ठाण्यातल्या एका रेंजवर ती दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. मागच्या महिन्यात रेंजचा तीन जणींचा संघ निवडण्यासाठी ६० शॉटची चाचणी झाली आणि तिसऱ्या जागेसाठी दोन मुलींची नावे उरली. एकीच्या सहा सिरीज (दहा-दहा शॉटचे टप्पे, प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त दहा गुण) अनुक्रमे ८८, ९३, ८६, ९४, ८५ आणि ९३, म्हणजे एकूण ५३९. दुसरीच्या ९०, ८८, ९१, ८९, ८७ आणि ९०, म्हणजे एकूण ५३५. निवड ५३५ गुणांच्या मुलीची झाली. ५३९ गुणांची मुलगी माझी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना ज्याने त्याने हव्या तेवढ्या पक्षपाताची वजावट करावी.

प्रशिक्षकांशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, की दुसरीचे कौशल्य अधिक पक्के आहे. त्यांना तेव्हा घाई होती आणि मलाही लेकीसमोर तो विषय ताणायचा नव्हता. पण घरी आल्यापासून मी विचार करते आहे, की ज्या खेळात प्रत्येक गोळीला आकडा मिळतो त्या खेळात आकड्यापलीकडचे कौशल्य म्हणजे काय, आणि ते असलेच तर पालकाला किंवा पाहणाऱ्याला ते कसे ओळखता यावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

घोडबंदरी

माझे मत सरळ आहे. गुणफलक असतोच अशासाठी, की कोणाच्या मताला वाव राहू नये. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकाला काय भावले याला महत्त्व असते, नेमबाजीत तसे काही नाही. २०२४ साली पॅरिसला सरबजोत सिंगचे प्राथमिक फेरीत ५७७ गुण झाले होते आणि आठव्या स्थानावरच्या जर्मन नेमबाजाचेही ५७७च होते. आतल्या दहाच्या, म्हणजे दहाच्या रिंगणातल्या अगदी मधल्या छोट्या रिंगणातल्या, शॉटची संख्या मोजली, तेव्हा सरबजोतचे १६ आणि त्याचे १७ भरले. सरबजोत नववा आला आणि वैयक्तिक अंतिम फेरी हुकली. तिथे कोणी ‘कौशल्य अधिक पक्के कोणाचे’ असे विचारत बसले नाही. एका शॉटच्या फरकाने ऑलिंपिकचा निकाल लागतो, तर चार गुणांच्या फरकाने रेंजच्या संघाचा का लागू नये? धागाकर्तीच्या मुलीवर अन्याय झाला आहे, असे मला स्पष्ट दिसते.

दहा_मीटर

मी ऐरोलीत मुलांना एअर पिस्तूल शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज उभा असतो. घोडबंदरी यांचे म्हणणे पदक कोणाला द्यावे याबाबत पूर्ण मान्य आहे. पदक गुणांनाच मिळते आणि तसेच असावे. मात्र उद्या कोण किती गुण करील याचा अंदाज बांधायचा असेल, तर कालच्या बेरजेपेक्षा छिद्रे कुठे आणि कशी पडली आहेत ते पाहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. दोन मुलांनी दहा-दहा शॉट मारले. पहिल्याचा सगळा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, डावीकडे वरच्या बाजूला गेला आहे, पण इतका घट्ट की त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवले तर दहाही छिद्रे झाकली जातील. त्याचे गुण होतात ७९. दुसऱ्याची छिद्रे मध्याभोवती चारही दिशांना विखुरलेली, सहापासून दहापर्यंत सगळीकडे आहेत आणि त्याचे गुण होतात ८४. गुणफलकावर दुसरा पुढे आहे. प्रत्यक्षात पहिल्याच्या रिअर साइटचे (नेम धरण्यासाठीच्या मागच्या खाचेचे) दोन स्क्रू काही क्लिक फिरवले, की तोच ग्रुप मध्यावर येतो आणि तोच मुलगा ९५च्या वर जातो. दुसऱ्याचे कोणते स्क्रू फिरवणार? त्याच्या विखुरण्याचे कारण त्याच्या हातात, डोळ्यात आणि बोटात आहे, आणि ते दूर करायला महिने लागतात. म्हणून मी आधी ग्रुपचा आकार पाहतो, मग ग्रुपचा मध्य पाहतो आणि गुण शेवटी पाहतो.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाच शॉटचा ग्रुप फसवतो, कारण पाच शॉट कोणाचेही जुळून येतात. शिवाय पालक छायाचित्र पाठवताना हमखास लिहितात, की ‘ती एक बाहेरची गोळी सोडून बघा’. ती गोळी का सोडायची? ती आकाशातून पडलेली नाही. मुलाने ती मारलेली आहे, आणि बहुतेक वेळा बाकीच्या नवांपेक्षा तीच त्याच्या ट्रिगरविषयी जास्त सांगते.

आता विखुरणे कुठून येते ते पाहू, कारण कौशल्य पारखण्याची किल्ली तिथे आहे. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाच्या रिंगणाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक रिंगण आदल्यापेक्षा सर्व बाजूंनी ८ मिलिमीटरने मोठे असते. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ३२ सेंटिमीटर अंतर धरा. हात लांब करून एका हाताने धरलेले पिस्तूल कोणाचेही स्थिर राहत नाही. ऑलिंपिक विजेत्याचेही ते हलतेच. पण हलण्याचे दोन प्रकार आहेत. अख्खे पिस्तूल समांतर राहून एक मिलिमीटर सरकले, तर छिद्रही एकच मिलिमीटर सरकते आणि गुणावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. मनगट वळून पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर कलली, तर दहा मीटरवर तीच चूक सुमारे ३१ मिलिमीटर होते, म्हणजे दहाचा सात होतो. पाव मिलिमीटर कलली तरी दहा अगदी काठावर येतो. त्यामुळे ‘हात किती कमी हलतो’ या फूटपट्टीने पिस्तूल शूटर मोजणाऱ्यांशी माझे कधीच पटत नाही. चांगला शूटर हात हलत असतानाही दोन्ही साइट एका रेषेत ठेवतो आणि ती रेषा न बिघडवता ट्रिगर सोडतो. त्याची नजर पुढच्या साइटवर असते, टार्गेटचे काळे वर्तुळ त्याला धूसर दिसते आणि त्याची त्याला भीती वाटत नाही. नवख्या मुलाला ती धूसरता सहन होत नाही. तो शेवटच्या क्षणी काळ्याकडे पाहतो आणि साइट कलते.

एकच गोष्ट विचारायची झाली, तर मी शूटरला विचारीन की मॉनिटर पाहण्याआधी तुझी गोळी कुठे गेली ते सांग. आमच्याकडे लेनच्या मॉनिटरवर मी माझी टोपी अडकवून ठेवतो. मुलाने शॉट मारायचा, पिस्तूल खाली घ्यायचे आणि वहीत लिहायचे, ‘साडेसातला नऊ’ (घड्याळाच्या तबकडीप्रमाणे दिशा आणि मग गुण) किंवा ‘मध्यात दहा’. दहा शॉट झाले की टोपी काढायची आणि ताळा करायचा. ज्याचे कॉल, म्हणजे हे न पाहता सांगितलेले अंदाज, जुळतात त्याला आपले शॉट सुटताना दिसत असतात. ज्याचे जुळत नाहीत त्याचे गुण चांगले असले तरी ते कशामुळे आले हे त्याला ठाऊक नसते, आणि ज्या दिवशी ते येणार नाहीत त्या दिवशी काय दुरुस्त करायचे हेही त्याला कळणार नाही.

लेन_क्रमांक_सात

दहा_मीटर सरांच्या कॉलच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी नेरूळची. एअर पिस्तूलवर सुरुवात केली आणि आता पंचवीस मीटर पॉइंट टू टू मारते, ज्याच्या सरावासाठी मला खाडी ओलांडून मुंबईत जावे लागते. माझा अनुभव असा आहे, की ‘पिस्तूलचे कौशल्य’ म्हणून एकच एक वस्तू अस्तित्वात नाही.

महिलांच्या पंचवीस मीटरमध्ये ३० शॉट प्रिसिजनचे असतात आणि ३० रॅपिडचे. प्रिसिजनला पाच शॉटसाठी पाच मिनिटे मिळतात आणि दहाचे रिंगण ५० मिलिमीटरचे असते. रॅपिडला रिंगण दुप्पट, १०० मिलिमीटरचे होते, पण हात ४५ अंशांवर खाली ठेवून थांबायचे, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर आणून एकच शॉट मारायचा, आणि सात सेकंदांनी पुन्हा तेच. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्यांचे प्रिसिजन पाहून वाटावे की या राष्ट्रीय संघात जातील, आणि रॅपिड सुरू झाले की त्या ओळखू येत नाहीत. तिथे नेम धरायला वेळच नसतो. हात वर येतानाच पुढची साइट नजरेत यावी लागते आणि हात थांबायच्या आत ट्रिगरचा पहिला टप्पा संपलेला असावा लागतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवले, तेही बरोबरी झाल्यावर शूटऑफ खेळून. मनू भाकरचे पॅरिसच्या प्राथमिक फेरीतले आकडे प्रिसिजन २९४ आणि रॅपिड २९६ असे होते. दोन्ही बाजू इतक्या सारख्या असणे फार थोड्यांना जमते.

तेव्हा ‘कोणाचे कौशल्य चांगले’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या प्रकारासाठी’ हे ठरवावे लागेल. धागाकर्तीच्या मुलीचा प्रश्न दहा मीटरपुरता आहे, त्यामुळे माझे हे बरेचसे अवांतर झाले, तरी उद्या ती पंचवीसला येईल म्हणून लिहून ठेवले.

घोडबंदरी

एवढ्या तांत्रिक गोष्टी वाचून मला पॅरिसमधले तुर्कस्तानचे युसुफ दिकेच आठवले. खिशात हात, डोळ्यांवर साधा चष्मा, अंगात टीशर्ट, आणि गळ्यात रौप्यपदक. ना जॅकेट, ना भिंग. खरे कौशल्य असे साधनांशिवाय दिसते, असे मला वाटते.

लेन_क्रमांक_सात

घोडबंदरी, हा गैरसमज त्या छायाचित्रामुळे फार पसरला आहे. जाड कापडाचे जॅकेट आणि पँट हे रायफलचे कपडे आहेत. पिस्तूलमध्ये ते कोणीच घालत नाही, आणि घोटा झाकणारे बूटही चालत नाहीत. खिशात हात घालणे तर आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, कारण मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो. झापड आणि भिंग ही डोळ्यांची सोय असते, ती कोणी वापरते आणि कोणी वापरत नाही. दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतात, एवढेच त्यांचे वेगळेपण. ती त्यांची पाचवी ऑलिंपिक स्पर्धा होती, तेव्हा साधेपणा दिसला तरी त्यामागे २००८च्या बीजिंगपासूनचा अनुभव आहे. शिवाय त्यांच्या हातातले पिस्तूल इतरांसारखेच स्पर्धेचे महागडे पिस्तूल होते, तळहाताच्या मापाने कोरलेल्या लाकडी ग्रिपसकट.

ग्रिपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. कौशल्य पारखताना मुलाच्या ग्रिपकडेही पाहावे. जो मुलगा काही महिन्यांनी कानशीने एखादा उंचवटा घासतो, कुठे लाकडाची पुट्टी भरतो, आणि त्यानंतर आपला ग्रुप कुठे सरकला याची नोंद ठेवतो, त्याला आपला हात कळू लागला आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या दमट हवेत, वातानुकूलन नसलेल्या हॉलमध्ये तळहाताला घाम सुटला की पकड बदलते, आणि ते त्याला आधी कळते.

निवृत्त_खाकी

मी पोलीस दलातून निवृत्त झालो आहे आणि कळव्याला राहतो. खेळाच्या नेमबाजीतला मी जाणकार नाही, तरी कौशल्याची आमची व्याख्या इथे मांडाविशी वाटते. सेवेतले पिस्तूल दोन हातांनी धरतात, टार्गेट माणसाच्या आकाराचे असते, आणि दहाच्या रिंगणापेक्षा वेळेत योग्य जागी लागणे महत्त्वाचे असते. वेळेच्या शर्यतीचे जे खेळ आहेत त्यांत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. त्यामुळे संथपणे सर्व गोळ्या मध्यात मारणारा तिथे मागे पडतो आणि अंदाधुंद मारणाराही पडतो. तो हिशेब मला पटतो.

पण हे सगळे नंतरचे. माझ्या दृष्टीने पहिली परीक्षा गोळी सुटण्याआधीची आहे. नातवाला घेऊन मी एका रेंजवर गेलो होतो, तेव्हा तिथल्या मुलांचे गुण मी पाहिलेच नाहीत. पिस्तूल पेटीतून काढताना नळी कोणत्या दिशेला आहे, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याची खूण) आहे का, साइट टार्गेटवर येण्याआधी बोट ट्रिगरच्या बाहेर आहे का, एवढेच पाहत होतो. ट्रिगर दाबला आणि शॉट सुटलाच नाही, तेव्हा मुलगा काय करतो यात तर सगळे कळते. एक जण पिस्तूल तिरके करून डोळ्यांपाशी आणून बघू लागला. त्याच्या शेजारच्या मुलीने नळी टार्गेटकडेच ठेवली, दुसरा हात वर केला आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत तशीच उभी राहिली. त्या दोघांत कोणाचे गुण जास्त होते मला माहीत नाही आणि मी विचारलेही नाही.

प्रमाण_विचलन

मी खारघरला राहतो, संख्याशास्त्र शिकवतो आणि हौशी नेमबाजही आहे. धागाकर्तीने आकडे दिले आहेत, पण त्यांच्याकडे अजून कोणी नीट पाहिलेले दिसत नाही.

सरासरी नऊच्या आसपास मारणाऱ्या शूटरच्या एका शॉटमधला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ढोबळमानाने ०.९ गुण धरू. मग दहा शॉटच्या सिरीजमध्ये निव्वळ योगायोगाने सुमारे २.८ गुणांचे विचलन अपेक्षित आहे आणि ६० शॉटच्या बेरजेत सुमारे ७ गुणांचे. दोन मुलींच्या बेरजांतल्या फरकाचे विचलन १०च्या घरात जाते. तेव्हा ५३९ आणि ५३५ या आकड्यांवरून पहिली सरस आहे असे म्हणता येत नाही, आणि घोडबंदरी यांचा ‘स्पष्ट अन्याय’ही त्यातून निघत नाही.

मात्र प्रशिक्षकांचे ‘पक्के कौशल्य’ही त्यातून निघत नाही. पहिल्या मुलीच्या सहा सिरीजचे विचलन ४ येते आणि दुसरीचे १.५. अपेक्षा २.८ची होती. म्हणजे एक अपेक्षेपेक्षा जास्त विखुरली आणि दुसरी अपेक्षेपेक्षा जास्त सारखी निघाली. सहाच आकडे असताना या दोन्ही गोष्टी योगायोगाच्या कक्षेत बसतात. दुसरीची समानता हा तिचा गुण असेल किंवा त्या दिवसाचे नशीब असेल, हे ठरवायला अशा आणखी काही मॅच लागतील.

शिवाय पूर्णांकात मोजलेले गुण हे फार जाडेभरडे माप आहे. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असल्याने त्याच्या मध्यबिंदूचे अंतर टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असले की दहा मिळतात. दशांश पद्धतीत प्रत्येक ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण असतो. म्हणजे १०.० आणि ९.९ यांत फरक ०.८ मिलिमीटरचा, पण पूर्णांकात तो अख्खा एक गुण होतो. उलट १०.९ आणि १०.० यांत ७ मिलिमीटरहून अधिक अंतर असूनही दोघांना दहाच मिळतात. दहा मीटर एअर पिस्तूलच्या प्राथमिक फेरीत पूर्णांक आणि अंतिम फेरीत दशांश, असा नियम आहे. पॅरिसला मनू भाकर २२ शॉटनंतर २२१.७वर थांबली तेव्हा तिच्या पुढची कोरियन नेमबाज २२१.८वर होती. पदकाचा रंग ठरवणारे ते ०.१ प्राथमिक फेरीच्या पद्धतीत कदाचित दिसलेच नसते. सरावात कौशल्य मोजायचे असेल तर दशांश घ्यावेत, आणि त्याहून बरे म्हणजे ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजून त्यांची सरासरी काढावी. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतले अंतर मोजण्याची रेंजवर पद्धत आहे, पण ते माप फक्त दोन वाईट शॉटवर अवलंबून राहते आणि शॉट वाढले की आपोआप वाढते.

दहा_मीटर

प्रमाण_विचलन यांनी हिशेब चोख मांडला आहे. पण त्या आकड्यांत मला आणखी एक गोष्ट दिसते. ८८, ९३, ८६, ९४, ८५, ९३. पहिली, तिसरी आणि पाचवी सिरीज पडलेली, तर दुसरी, चौथी आणि सहावी चढलेली. धागाकर्तीला विनंती, की चाचणी इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर झाली असेल तर त्याची छापील प्रत मागून घ्यावी. त्यावर प्रत्येक शॉटची वेळ असते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटसाठी ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. एवढ्या वेळात हात वर करावा, होल्ड (नेम धरलेला हात) स्थिरावला नाही तर न मारता खाली घ्यावा, श्वास घ्यावा आणि पुन्हा उचलावा, हे आरामात बसते. न मारता पिस्तूल खाली घेणे हे मी फार मोठे कौशल्य मानतो, आणि गुणपत्रिकेत त्याला कुठेच जागा नाही.

प्रमाण_विचलन

फक्त एक इशारा देतो. सहा वेगवेगळे आकडे कसेही मांडले तरी असा एकाआड एक चढउतार सहांत साधारण एकदा निव्वळ योगायोगाने दिसतो. वेळा पाहाव्यात जरूर, पण आधी गोष्ट रचून मग पुरावा शोधायला जाऊ नये.

नौपाडेकरीण (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. छापील प्रत मिळाली आणि लेकीच्या संमतीने इथे सांगते आहे. चढलेल्या तिन्ही सिरीजमध्ये दोन शॉटमधले अंतर बहुतेक वेळा एक मिनिटाच्या वर आहे. तिसऱ्या आणि पाचव्या सिरीजमध्ये, म्हणजे चांगली सिरीज झाल्यावर लगेच, ते अंतर बऱ्याचदा अर्ध्या मिनिटाच्या आसपास आले आहे. पहिल्या सिरीजमध्ये मात्र तसे काही दिसत नाही, ती संथ असूनही ८८च आहे. लेकीला विचारले तर म्हणाली, की ९३ झाले की हात लागलाय असे वाटते आणि मग थांबवत नाही.

शनिवारी रेंजवर टोपीचा प्रयोगही केला. टोपी नव्हती, माझी ओढणी मॉनिटरवर टाकली. मध्यातले शॉट तिने जवळजवळ सगळे बरोबर सांगितले. खाली डावीकडे गेलेले सात आणि आठ मात्र तिने ‘नऊ, मध्याजवळ’ असे लिहिले होते. ओढणी काढल्यावर तिने आधी टार्गेटमध्येच बिघाड आहे का असे विचारले.

दहा_मीटर

उजव्या हाताने मारणाऱ्या मुलीचे शॉट खाली डावीकडे जातात, तेव्हा बहुधा ट्रिगरच्या बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जात असते. आणि ती ते शॉट नऊ म्हणून सांगते आहे, याचा अर्थ त्या क्षणी तिची नजर पुढच्या साइटवर नसते. हे दुरुस्त होण्यासारखे आहे. रोज घरी कोऱ्या भिंतीकडे पाहून ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव) करू द्यावे, समोर टार्गेट लावूच नये, आणि ट्रिगर सुटताना पुढची साइट हलली का एवढेच तिने पाहावे. शॉट सुटल्यावरही क्षणभर हात तसाच धरून पाहत राहायचे, हे विशेष सांगावे. त्याआधी पिस्तुलात छर्रा नाही याची खात्री मोठ्या माणसाने करावी, हे निवृत्त_खाकी यांना बरे वाटावे म्हणून नव्हे, नियम म्हणून सांगतो.

तुमच्या प्रशिक्षकांना हे सगळे दिसले असावे. त्यांनी ते नीट उलगडून सांगायला हवे होते, एवढे मात्र मी म्हणेन.

घोडबंदरी

म्हणजे शेवटी निवड योग्यच होती, असे म्हणायचे आहे का?

प्रमाण_विचलन

मला तसे म्हणता येत नाही. संघाचे गुण म्हणजे तिघींची बेरीज. बेरजेत कोणाच्या सिरीज सारख्या आहेत आणि कोणाच्या वरखाली आहेत याला किंमत नाही, तिथे फक्त सरासरी चालते. उद्या वैयक्तिक स्पर्धेत पुढच्या फेरीसाठी समजा ५५० लागणार असतील आणि दोघींची सरासरी ५३७च्या आसपास असेल, तर वरखाली मारणाऱ्या मुलीलाच ५५० गाठण्याची शक्यता जास्त आहे. सारखेपणा हा आपल्याला नैतिक गुण वाटतो म्हणून तो प्रत्येक वेळी फायद्याचा असतो असे नाही. सरासरी ५६० असलेल्या शूटरला तो फायद्याचा, कारण त्याला फक्त घसरायचे नसते.

दहा_मीटर

हिशेब मान्य आहे, आणि याच एका चाचणीवर संघ निवडायचा असता तर मीही ५३९च घेतले असते. पण मुलांच्या बाबतीत सरासरी ही स्थिर राहणारी गोष्ट नाही. ज्या मुलीचे चांगले शॉट तिला दिसतात आणि वाईट दिसत नाहीत, तिचे वाईट शॉट दिसू लागले की ८५ आणि ८६ हळूहळू जातील आणि सरासरीच वर येईल. दुसऱ्या मुलीबद्दल मला काहीच सांगता येत नाही. ८७ ते ९१ हे तिच्या शिस्तीचे फळ असेल, किंवा तिच्या सध्याच्या तंत्राची मर्यादाही असेल. तिच्या लेनवर टोपी टाकल्याशिवाय तिचे कौशल्य पक्के आहे असे मी म्हणणार नाही.

नौपाडेकरीण (धागाकर्ती)

हे मला पटले. प्रशिक्षकांना भेटून दोन्ही मुलींची कॉलची वही ठेवावी असे सुचवणार आहे. दुसऱ्या मुलीची आईही तयार आहे. आम्ही दोघी एकाच रिक्षाने रेंजला जातो, त्यामुळे हा विषय आमच्यात आता मोकळेपणाने निघतो. पुढच्या काही मॅचचे आकडे हाती आले की याच धाग्यावर देईन.

प्रमाण_विचलन

अवश्य द्यावेत. फक्त सरावाचे आणि मॅचचे आकडे वेगळे ठेवावेत. कागदी टार्गेटवर ९० मिनिटे मिळतात, म्हणून ते आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र करू नयेत. दशांश मिळत असतील तर दशांशच घ्यावेत, आणि कॉल शॉटनंतर लगेच, मॉनिटर झाकलेला असतानाच लिहिलेला असावा. नंतर आठवून लिहिलेले कॉल नेहमीच फार चांगले जुळतात.